कागदावर लिहिलं होतं, हिला समजत न्हाई

"मोठा झटका आहे, साहेब. सीव्हीए," डॉक्टर म्हणाले, आन् केसपेपर माझ्यापुढं सरकवला. दुसऱ्या कुणाला त्यांनी तो दाखवला नसता. पण मला वाचता येतो हे त्यांना ठाऊक होतं.

सीव्हीए म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीचा अपघात. नळीत गुठळी अडकते नाहीतर नळी फुटते, आन् मेंदूचा तेवढा भाग रक्तावाचून मरतो. आपल्याकडं लकवा म्हणतात, अंगावरून वारं गेलं म्हणतात. खाली लिहिलं होतं, लेफ्ट हेमिप्लेजिया. म्हणजे डावं अंग गेलं. मग अफेजिया. म्हणजे वाचा गेली, बोलताही येत न्हाई आन् दुसऱ्याचं बोलणंही उमगत न्हाई. मग डझ नॉट ओबे कमांड्स, म्हणजे सांगितलेलं काहीच करत न्हाई. आन् शेवटी, प्रोग्नोसिस पुअर. म्हणजे आशा धरू नका.

पेशंटचं नाव गिरजा. माझी बायको. वय छत्तीस.

मी त्याच सरकारी इस्पितळात रेकॉर्ड कारकून होतो. इस्पितळाचं नाव सांगत न्हाई, तिथलं मीठ खाल्लंय मी. सरकारी मराठी जन्मभर लिहिली, हे मातर माझ्या बोलीत लिहितो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालं तर माझ्यासारखं वागू नका, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

माझं काम काय, ते आधी सांगतो. पेशंट बरा होऊन घरी गेला काय आन् मेला काय, त्याचा कागद माझ्या टेबलावर यायचा. जगभर चालणारं एक जाडजूड पुस्तक असतं, त्यात एकेका आजाराला एकेक आकडा. हिवतापाला आकडा, काविळीला आकडा, साप चावला तरी आकडा. डॉक्टरनं लिहिलेला आजार वाचायचा, पुस्तकात हुडकायचा, कोपऱ्यात आकडा टाकायचा आन् महिन्याच्या शेवटी सगळ्यांची बेरीज बीडला नेऊन द्यायची. त्या सालांत कॉम्प्युटर येणार, येणार अशी हवा होती. आमच्याकडं एक आलाही. त्याला प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवला होता आन् त्याच्या खोलीत चपला काढून जायचं, देवघरात गेल्यासारखं. आकडे मातर मी हातानंच टाकायचो.

लकव्याचा आकडा चारशे छत्तीस. नेमकी कोणती नळी, अडकली का फुटली, हे कळलं तर दुसरे आकडे होते. पण ते कळायला डोक्याचा स्कॅन लागतो, आन् स्कॅनचं मशीन तेव्हा औरंगाबादला. म्हणून आमचे सगळे चारशे छत्तीस. तोंड जरासं वाकडं झालेला चारशे छत्तीस आन् खाटेवर ओंडक्यासारखा पडलेला बी चारशे छत्तीस. किती गेलं आन् किती उरलं, याला आकडाच नव्हता. ते फक्त डॉक्टरच्या दोन ओळींत असायचं, आन् त्या दोन ओळी मग पेशंटच्या संगट सगळीकडं फिरायच्या.

त्या दोन ओळींवर माझा देवापेक्षा जास्ती भरवसा.

झालं ते असं. आम्ही तेलगावचे. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथं किराणा दुकान. मी सकाळच्या गाडीनं महिन्याचा अहवाल घेऊन बीडला गेलतो. गिरजा चुलीपुढं बसून भाकरी करत होती. भाकर थापताना दोन्ही हात फिरवावे लागतात. एकाएकी डावा हात फिरंना. तो पिठातच राहिला, भाकर एका बाजूला पातळ झाली आन् फाटली. तिला वाटलं हाताला मुंग्या आल्या. उठायला गेली तर पाय बी न्हाई. सुनंदा, माझी पोरगी, दहावीला होती. तिनं दुकानावर पळत जाऊन आजोबांना बोलावलं. अप्पांनी शेजारच्याची जीप काढायला लावली, सुनेला मागं निजवलं आन् स्वतः पुढं बसून इस्पितळात आणलं. सुनी घराकडं बघायला मागं राहिली.

म्हणजे मी पोचेपर्यंत तिच्याजवळ घरचं माणूस एकच. सासरा.

इथं आमच्या घरची रीत सांगतो, न्हाईतर तुम्हाला काही कळायचं न्हाई. गिरजा अप्पांपुढं कधी बोलली न्हाई. काही सांगायचं झालं तर सुनीला म्हणायची, "आजोबाला म्हणावं, जेवाया वाढलंय," आन् अप्पा चार हातांवर बसून ते ऐकायचे, तरी सुनीनं सांगितल्यावरच उठायचे. डोक्यावरचा पदर ढळला असं न्हाई. आन् नवऱ्याचं नाव? राम राम म्हणा! माझं नाव महादेव. आमचं घराणं शंकराचं. रोज भस्म, सोमवारचा उपास. आन् ही बाई जन्मभर देवाचं सुद्धा ते नाव घेईना. धर्मापुरीच्या जत्रेला जायचं असलं की म्हणायची, "तुमच्या नावाच्या देवाला जाऊन येऊ." मी चिडवायचो, "अगं, एकदा म्हण की, पाप माझ्या माथी." तर लाजून लाल व्हायची आन् म्हणायची, "व्हा तिकडं, वंगाळ कुठले!"

त्या दिवशी काय घडलं ते मला लई दिवसांनी कळलं. थोडं अप्पांनी सांगितलं, थोडं तिनं. डॉक्टर नवे होते, बाहेरच्या जिल्ह्यातले, नुकतेच कॉलेजातून आलेले. माणूस वाईट न्हवता. त्यांनी नियमानं तपासलं. आधी विचारलं, "बाई, मालकांचं नाव सांगा." शुद्ध आहे का, समज आहे का, ते बघायला हाच प्रश्न विचारतात. गिरजा गप्प. पायथ्याशी सासरा उभा.

मग म्हणाले, "जीभ बाहेर काढा." आता सांगा, सासऱ्यासमोर कोण जीभ काढून दाखवंल? ती गप्प.

मग म्हणाले, "दोन्ही हात वर करा." डावा तर गेलाच होता. उजव्या हातानं तिनं पदर तोंडावर दाबून धरला होता, कारण तोंड वाकडं झालं होतं, लाळ गळत होती आन् समोर मामंजी होते. तो हात तिनं काढला न्हाई.

तीन प्रश्न, तीन नापास. डॉक्टरांनी लिहिलं, वाचा न्हाई, समज न्हाई, सांगितलेलं करत न्हाई. अप्पांना वाटलं, डॉक्टर विचारतायत म्हणजे आपण मधी बोलू नये. गिरजाला वाटलं, हे आल्यावर यांना सांगंन. आन् मी आलो तो आधी कागद वाचला.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. नाकातून नळी घातली, तिच्यातून दूध आन् भाताची पेज. लघवीला नळी. मी दोन तास वर वॉर्डात, दोन तास खाली रेकॉर्डात. दर दोन तासांनी कूस बदला म्हणून सांगितलं होतं, मी चार तासांनी बदलायचो. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पेशंटशी बोलत जा." मी म्हणालो, "सिस्टर, अफेजिया हाय. काय बोलू?" वर मीच त्यांना अफेजियाचा अर्थ समजावून सांगितला. अशी माझी अक्कल.

मी तिची सेवा केली, न्हाई असं न्हाई. तोंड पुसलं, केस विंचरले, जमतील तसे. पण सगळं मुक्यानं. अंगणातल्या वस्तू आवरून ठेवाव्या तसं.

तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "अशा पेशंटचं येतं कधीकधी आपोआप. त्याचा अर्थ लावू नका." मी बी लावला न्हाई. ओठ हलायचे, ते बी आपोआपच धरले.

आठव्या दिवशी माझी थोरली बहीण आली, आक्का, माजलगावची. आक्का खाटेपाशी बसली, कपाळाला हात लावला, आन् म्हणाली, "म्हादू, हे काय झालं रे? डॉक्टर काय म्हणतेत?"

मी म्हणालो, "कागदावर पुअर लिवलंय आक्का. हिचं आता काय खरं न्हाई. नुसता श्वास हाय."

हे मी गिरजाच्या उशापाशी उभं राहून म्हणालो. तिच्या कानापासून हातभर अंतरावर. याला आता लई वर्षं झाली, पण हे वाक्य मला आठवलं न्हाई असा एक दिवस न्हाई.

आक्का म्हणाली, "मग हितं ठिवून काय करतूस? घरी न्ये. आपल्या दारात जाऊ दे बिचारीला. आन् बघ, करायला माणूस लागंल. तुला नोकरी हाय. सुनीची शाळा सोडव. पोरीच्या जातीला शिकून तरी कुठं बालिस्टर व्हायचंय? आईचं करील, हाताला वळण लागंल."

मी मान हलवली. ऐकलंत का? मी मान हलवली. मला ते पटलं. दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती, पोरगी वर्गात पहिली दुसरी यायची, आन् मी मान हलवली. गिरजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आक्का ते पुसत म्हणाली, "जीव अडकलाय बिचारीचा कशात तरी."

मोठ्या दवाखान्यात, अंबाजोगाईला, न्यायचं का, हे मी डॉक्टरांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "न्या, पण तिथं खाटा थोड्या. हा पेपर बघून ते काय म्हणतील, तुम्हालाच माहीत. ज्याला सुधारणा होण्यासारखी आहे त्याला घेतात." मला माहीत होतंच. असले कागद मी ढिगानं बघितले होते. त्यांच्या शेवटी मी आकडा टाकून फाईल बांधायचो. म्हणून मी विचारायचं बी सोडलं. अकराव्या दिवशी घरी न्यायचं ठरलं. तेलगावला निरोप दिला, माजघरात खाट टाकून ठेवा म्हणून. काय समजून खाट टाकायची, ते सगळ्यांना कळलं.

अकराव्या दिवशी सकाळी अप्पा शेजारच्याची जीप घेऊन न्यायला आले. पहिल्या दिवसानंतर ते तेव्हाच परत वॉर्डात आले होते, मधे त्यांना ताप होता. मी खाली डिस्चार्जचा कागद आणायला गेलो. परत जिना चढतोय तोच हलीमा मावशी आडवी आली. मावशी आमच्या वॉर्डात झाडलोट करायची, पेशंटला भांडं द्यायची. मला म्हणाली, "साब, जरा इकडं या."

मी म्हणालो, "मावशी, घाईत हाय."

"घाईत हाव तर असूं द्या. तुमच्या बायकोला समजतंय."

मला रागच आला. आधीच डोकं ठिकाणावर न्हाई, त्यात ही. म्हणालो, "मावशी, उगी काही बोलू नगं. डॉक्टरनं लिवलंय, समजत न्हाई म्हणून. हे बघ," आन् कागद तिच्या नाकापुढं धरला.

मावशीनं कागदाकडं बघितलं बी न्हाई. "मला कुठं वाचाया येतंय? मी आपली माणूस बघते. आत्ता तुमचे अप्पा आले, तर तिनं उजव्या हातानं पदर वढून डोस्क्यावर घेतला. मी आले तर घेत न्हाई, तुमी आले तर घेत न्हाई. अप्पालाच बघून घेती. जिला काईच समजत न्हाई तिला सासरा कसा समजतो, सांगा की मला?"

मी जिन्यात तसाच उभा राहिलो. मग पळतच वर गेलो. बघतो तर पदर कपाळापर्यंत ओढलेला, आन् अप्पा पायथ्याशी मान खाली घालून उभे.

"अप्पा, जरा भाईर जावा," मी म्हणालो. ते गेले. मावशीनं पडदा ओढला आन् ती बी गेली.

मी खाटेवर वाकलो. म्हणालो, "गिरजे, तुला समजतंय का ग? मी बोलतो ते समजतंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मला जागच्या जागी मरण आलं असतं तर बरं वाटलं असतं. ओठ हलले. नाकात नळी, जीभ जड, अकरा दिवस आवाज बाहेर काढला न्हवता. एकेक अक्षर गाळातून ओढून काढावं तसं ती बोलली. "सुनीची... शाळा... सोडवू नका."

म्हणजे सगळं ऐकलं होतं. आक्काचं ऐकलं होतं. माझं ऐकलं होतं. नुसता श्वास हाय, ते ऐकलं होतं. मी तिच्या पायावर डोकं ठेवून लहान लेकरासारखा रडलो. लाज वाटली न्हाई. त्या वॉर्डात त्याआधी कुणा नवऱ्यानं बायकोच्या पायावर डोकं ठेवलं नसंल. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "आग बया! गेली का काय?" मावशी बाहेरून म्हणाली, "न्हाई वं, आली!"

त्याच जीपमधून आम्ही तेलगावला न जाता अंबाजोगाईला गेलो.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं मोठ्या होत्या. त्यांनी आमचा कागद वाचला आन् कपाळाला आठ्या घातल्या. "डावी बाजू गेली आणि वाचाही गेली? बाई डावखुऱ्या आहेत का?" मी म्हणालो, न्हाई. तेव्हा त्यांनी समजावलं. मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते. बोलणं आन् समजणं बहुतेक माणसांचं डाव्या बाजूला असतं. डावं अंग गेलं असताना वाचा आन् समज दोन्ही गेली, असं सहसा होत न्हाई. "अफेजिया वेगळा आणि डिसार्थ्रिया वेगळा," त्या म्हणाल्या. डिसार्थ्रिया म्हणजे जीभ जड होते, शब्द बोबडे येतात, पण माणूस आतून सगळा शाबूत असतो. "हा डिसार्थ्रिया आहे. हे कुणी लिहिलं?"

मी सांगितलं, कुणी विचारलं, काय विचारलं, पायथ्याशी कोण उभं होतं. मॅडमनी तिचा खांदा हलवून बघितला, पाठ बघितली. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून हातापायाचे व्यायाम द्यायला हवे होते. खांदा आता आखडलाय. पडून राहून पाठीला जखम झाली आहे. पाय चालेल असं वाटतं. हाताचं मी काही सांगत नाही."

पाय चालला. दोन महिन्यांनी काठी धरून उंबरा ओलांडला तिनं. हात न्हाई. तो छातीशी मुडपून राहिला, बोटं मुठीत. पाठीची जखम भरायला पाच महिने लागले. एका हातानं भाकर थापता येत न्हाई. सुनी शाळेत जायच्या आधी भाकरी करायची, आन् ही एका हातानं चुलीत काटक्या सारायची. सुनी दहावीला पास झाली, चांगल्या मार्कांनी. त्या दिवशी गिरजानं मला पेढा भरवला, उजव्या हातानं. तिनं मला कधीच बोल लावला न्हाई. लावला असता तर सोसलं असतं.

अप्पांचं काय झालं ते बी सांगतो. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "म्हंजी मी हुतो म्हणून?" त्यानंतर ते सुनेच्या खाटेपाशी कधी उभे राहिले न्हाईत. दारातून खोकायचे, आन् ती पदर घ्यायची.

आता कागदाचं. महिनाअखेरीला तिचा डिस्चार्ज पेपर माझ्याच टेबलावर आला. माझ्याच हातानं कोपऱ्यात चारशे छत्तीस टाकायचं होतं. टाकलं. पण ते अफेजिया, ते डझ नॉट ओबे कमांड्स मला बघवंना. कागद घेऊन त्या नव्या डॉक्टरांकडं गेलो. सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "साहेब, मी विचारलं. कुणी काही बोललं नाही. मला काय माहीत?" खरंच होतं. मी म्हणालो, "मग आता दुरुस्त करा."

ते हळूच म्हणाले, "कसं करू? मागच्याच महिन्यात तुम्ही मला झापलं होतं."

झापलं होतं. एका केसपेपरवर त्यांनी ओळ खोडून वर दुसरी लिहिली होती, तर मी तो परत पाठवला होता. रेकॉर्ड रूमच्या दारावर पाटी होती, माझ्याच अक्षरात: केसपेपरवर खाडाखोड चालणार नाही. ती पाटी मी त्या दिवशी काढली, पण डॉक्टर खोडायला धजले न्हाईत, आन् गिरजाचा कागद तसाच गठ्ठ्यात गेला. त्या इस्पितळाच्या रेकॉर्डात गिरजाला अजून काही समजत न्हाई.

त्यानंतर मी एक केलं. नवा डॉक्टर आला की त्याला चहा पाजायचो आन् सांगायचो, "साहेब, लकव्याची बाई आली तर सासऱ्याला, दिराला आधी बाहेर काढा. नवऱ्याचं नाव विचारू नका, पोरांची विचारा. आज कोणता वार, ते विचारा. जीभ बघायची तर पडदा ओढा." काही हसायचे. "कारकून डॉक्टरकी शिकवतोय," म्हणायचे. हसू देत. दोघांतिघांनी ऐकलं. तुम्ही बी ऐका. आपलं माणूस गप्प पडलं असलं तर त्याला समजतंय असंच धरून चाला. बोला त्याच्याशी. चूक झाली तर काय, चार शब्द वाया जातील. आन् उशाशी बसून त्याच्या मरणाचं बोलू नका. डॉक्टर विचारतात तेव्हा मधी तोंड घाला, सांगा, आमच्यात असं असतं म्हणून. त्यांना कुठून माहीत असणार?

तीन वर्षं गेली. सुनी डी.एड.ला होती. संक्रांतीच्या आधी सकाळी चहा पिताना गिरजाला गिळंना. चहा ओठातून खाली आला, उजव्या हातालाही मुंग्या आल्या. मला कळलं. तडक अंबाजोगाई. अप्पा बरोबर होते. सलाईन लावून स्ट्रेचरवरून आत नेताना बाटली धरायला कुणी न्हवतं, ती त्यांनी धरली. मी कागद काढायच्या धांदलीत.

आत आलो तर डॉक्टर तरुण होते, मॅडम न्हवत्या. त्यांनी हातात पेन घेतलं आन् विचारलं, "बाई, मालकांचं नाव काय?"

आन् अप्पा बाटली धरून उशापाशी उभे! जगाला सांगत फिरणारा मी, मीच अप्पांना बाहेर काढायला विसरलो. मी पुढं झालो, "डॉक्टरसाहेब, आमच्यात असं..."

गिरजानं उजवा हात उचलला आन् मला थांबवलं. पदर खांद्यावर घसरला होता. तो तिनं तसाच राहू दिला. अप्पांच्या देखत तोंड उघडून ती म्हणाली, "म्हा... देव."

एकवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. माझ्याकडं बघून न्हाई. डॉक्टरच्या पेनाकडं बघून.

मग कुणी न सांगता तिनं जीभ बाहेर काढली. होती तेवढी, वाकडी. मग उजवा हात वर केला आन् वरच धरून ठेवला. डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, मी अजून विचारलंच नाही." ती म्हणाली, "लिव्हा."

अप्पांनी बाटली तशीच वर धरली. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. म्हणाले, "सांग माय, सांग. मी न्हाई बघत."

डॉक्टरांनी लिहिलं. गिरजानं मान माझ्याकडं वळवली. "वाचा," म्हणाली.

मी चष्मा पुसला. मोठ्यानं वाचलं, "पेशंट कॉन्शस. ओरिएंटेड. ओबेज कमांड्स." मग मराठीत सांगितलं, "पेशंट शुद्धीत हाय. सगळं समजतंय. सांगितलेलं करते."

तेव्हा कुठं तिनं वर धरलेला हात खाली घेतला, आन् पदर ओढून डोक्यावर घेतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यांचे आन् आमच्या इस्पितळातल्या हलीमा मावशीचे उपकार मी विसरणार न्हाई. ते तीन दिवस मी तिच्याशी बोलत होतो. सुनी आली होती, ती बी बोलत होती. गिरजाचे डोळे मिटले होते, बोट हलत न्हवतं, तरी आम्ही बोलत होतो. तिला समजत होतं का, ते कागदावर कुठं लिहिलेलं न्हाई, आन् मी विचारायला गेलो न्हाई.

नोकरीत मी हजारो कागद वाचले. कुणाला मोठ्यानं वाचून दाखवला तो तेवढा एकच.